सरांची कवळी आणि सात सिनेमे

पुरस्कारांचा मोसम जवळ आला की कवळीवाल्यांच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असत. नामांकन मिळालेला एकूण एक सिनेमा कवळीवाले आणि त्यांच्या सासूबाई थिएटरात जाऊन बघणार, आणि कवळीवाल्यांची बायको त्याबद्दल एक अक्षरही ऐकून घेणार नाही. बायको पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घरी यावं तर नवरा कुठल्याशा दिग्दर्शकाचं गाऱ्हाणं घेऊन बसलेला, हे तिला मंजूर नव्हतं. "लेखी द्या," ती म्हणायची, "पंधरा दिवसांत उत्तर मिळेल."

कवळीवाले हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. तो धंदा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवायचे आणि हे त्यावरून प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मग गुलाबी हिरड्या आणि दात असं सगळं उभं करायचे. घरापासून थोड्या अंतरावर एका इमारतीच्या तळमजल्याला, मागच्या बाजूला त्यांची खोली होती. ज्यांच्या तोंडात त्यांचं काम जन्मभर राहायचं त्यांनी कधी यांचं तोंड पाहिलेलं नसायचं. खोलीत सोबत म्हणाल तर फळ्यांवर मांडलेले चाळीस-पन्नास प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासलेले. श्रोते म्हणून आदर्श, पण एकही उलटून बोलायचा नाही. त्यामुळे कवळीवाल्यांची मतं आतल्या आत साचत जायची आणि वर्षातून एकदा, नामांकनं जाहीर झाली की, धरण फुटल्यासारखी बाहेर पडायची.

मतं सगळी दातांच्या वाटेने यायची. दोनशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळावर सिनेमा असला, लोक झाडाची साल चावत असले, आख्खं थिएटर नाक ओढत असलं, की कवळीवाले सासूबाईंच्या कानाशी लागत. "आई, बत्तीसच्या बत्तीस दात आहेत तिला. आणि पांढरे बघा, बाथरूमच्या फरशीसारखे. ही बाई उपाशी असेल, पण दाताच्या डॉक्टरकडे महिन्याला जाते."

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. मुलीकडे राहायला येऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. त्यांची मतं जावयापेक्षा आखूड आणि वेगळ्याच खात्यातली. सिनेमातल्या घरात भांडी कोण घासतं याकडे त्यांचं लक्ष असायचं. "एवढी माणसं जेवून उठली जावईबापू," त्या परत येताना म्हणायच्या, "आणि खरकटं तिथेच टाकून सगळी युद्धाला गेली. कसला पुरस्कार देणार यांना?"

आता ही मतं नुसती घरात राहिली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण वाचनालयात दर वर्षी, पुरस्कार जाहीर व्हायच्या आधीच्या रविवारी दुपारी चार वाजता, नामांकित सिनेमांवर चर्चा व्हायची. चर्चा म्हणजे सर बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे. सर कॉलेजातून निवृत्त झालेले साहित्याचे प्राध्यापक. गेली अकरा वर्षं वाचनालयाचं ते व्यासपीठ त्यांचंच होतं. त्यांचं वाक्य एकदा घरातून निघालं की चार गल्ल्या फिरून, दोन ओळखीच्यांना भेटून, आता हे हरवलंच असं वाटेपर्यंत हिंडायचं आणि मग नेमकं क्रियापदाच्या दारात येऊन उभं राहायचं. लोक वाक्य संपल्यावर श्वास सोडायचे.

कवळीवाले तिसऱ्या रांगेत डावीकडच्या खुर्चीवर बसायचे आणि हात वर करायचे. सर म्हणायचे, "आपला मुद्दा रंजक आहे," आणि पुढे जायचे. सहा वर्षांपूर्वी मात्र ते थांबले. कवळीवाले एका नटाच्या सुळ्यांबद्दल बोलत होते. सर हसून म्हणाले, "मित्रा, कधीतरी दातांच्या पलीकडे बघा. मागे जीभ असते, तिच्या मागे घसा असतो, आणि आणखी खोल गेलात तर तिथे माणूसही सापडतो."

सगळं सभागृह हसलं. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी तोंडावर हात घेतला, पण खांदे हलत होते. कवळीवाल्यांनी ते खांदे पाहिले. तेव्हापासून ते हात वर करायचे, पण अर्धाच.

यंदा नामांकनात सात सिनेमे होते. पाच बघून झाले होते तेव्हा एका सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडून डबा आला. वरचा जबडा, खालचा जबडा, एकही दात नाही, आणि चिठ्ठीवर सरांचं नाव. हिरड्यांच्या दुखण्यापायी सरांचे उरलेसुरले सगळे दात दीड महिन्यापूर्वी काढावे लागले होते. ठसे आणि मापं घेऊन झाली होती, आता दात बसवून कवळी करायची होती. चिठ्ठीखाली डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: शुक्रवारी हवी. रविवारी त्यांचं भाषण आहे.

कवळीवाले त्या रिकाम्या जबड्याकडे बराच वेळ बघत बसले. अकरा वर्षं ज्या तोंडातून शब्द सुटत होते ते तोंड त्यांच्या टेबलावर, बशीत ठेवलेल्या कवठासारखं गप्प पडलं होतं.

काम त्यांनी जीव ओतून केलं. त्यात खोट नव्हती. सरांचे समोरचे दोन दात पूर्वी किंचित एकमेकांवर चढलेले होते, ते अकरा वर्षं तिसऱ्या रांगेतून पाहून त्यांना पाठ होते. तसेच त्यांनी बसवले, म्हणजे माणूस आरशात बघून दचकू नये. गुरुवारी दुपारी पॉलिश संपलं. खिडकीपाशी धरून त्यांनी कवळी फिरवली. बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी ती पाण्याच्या डबीत घातली आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

फोनवर ग्रंथपालबाई होत्या. "तुम्हाला एक विचारायचं होतं. सरांचे दात अजून आलेले नाहीत. त्यांनी चिठ्ठी पाठवलीय, रविवारपर्यंत आले नाहीत तर दुसऱ्या कुणाला बोलवा म्हणून. सातही सिनेमे बघणारे असे सरांच्या खालोखाल तुम्हीच. वेळ आली तर बोलाल का?"

कवळीवाल्यांनी डबीकडे पाहिलं. पाण्यात दात त्यांच्याकडे बघून हसत होते.

"बघतो," ते म्हणाले. "वेळ आली तर."

तासाभराने डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "झालं का सरांचं?"

इथे कवळीवाल्यांनी खरं बोलायचं ठरवलं होतं. ते नंतर बायकोला तसं शपथेवर सांगत होते. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "पॉलिश राहिलंय मॅडम. ब्रशची मोटर बिघडलीय. सोमवार उजाडेल."

त्यांनी फोन ठेवला. मोटर टेबलावर धडधाकट होती. त्यांनी उगाच ती एकदा सुरू करून बंद केली, जणू तिची समजूत काढत होते.

सोमवार म्हणजे काय, त्यांनी स्वतःला समजावलं, शुक्रवारनंतर तीनच दिवस. अकरा वर्षं जो माणूस बोलतोय तो एक रविवार गप्प बसला तर आभाळ कोसळत नाही. उलट घशाला आराम. त्यांनी डबी टेबलाच्या खणात सरकवली आणि कागद पुढे ओढला. रात्रीच्या जेवणापर्यंत सहा पानं झाली.

शनिवारी दुपारी सासूबाई खोलीवर आल्या. शेवटचा, म्हणजे सातवा सिनेमा बघायला दोघांना जायचं होतं. कवळीवाले हात धुवायला मागे गेले. परत आले तेव्हा सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात कवळी होती. पेन शोधायला त्यांनी खण उघडला होता.

"कुणाची ही?"

"आहे एकाची."

सासूबाईंनी चिठ्ठी वाचलेली होती हे त्यांच्या चष्म्यावरून कळत होतं. चष्मा अजून नाकावरच होता. "हिचं काय राहिलंय?"

"पॉलिश."

सासूबाईंनी कवळीवरून अंगठा फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग तो अंगठा स्वतःच्या खालच्या कवळीवरून फिरवला. ती जावयानेच केलेली होती. "माझी तीन वर्षं घासून एवढी गुळगुळीत झाली नाही," त्या म्हणाल्या.

कवळीवाले टॉवेल घडी करू लागले. त्याच टॉवेलाची तीनदा घडी झाली.

"माझे दात गेले तेव्हा तुम्ही किती दिवसांत करून दिली होती?"

"नऊ."

"आठ. मी मोजले होते. आठ दिवस मी कुणाशी बोलले नाही. फोन वाजला की मी बाथरूममध्ये जायचे आणि नळ सोडायचे. तुमच्या बायकोला वाटायचं, आईला पोटाचं झालंय." त्यांनी कवळी पुन्हा पाण्यात ठेवली, झाकण लावलं आणि खण सरकवला. "चला. सुरुवात चुकायला नको."

वाटेत त्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. चार कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं कवळीवाल्यांना वाटलं. पडद्यावर काय चाललं होतं ते त्यांना धड दिसलं नाही. एक राजकीय पुढारी होता, नटाने त्याच्यासारखं दिसायला खोटे दात लावले होते, आणि वरची कवळी दोन मिलिमीटर पुढे होती. एवढंच त्यांनी टिपून घेतलं. पण खण उघडायचं धाडस त्यांना झालं नाही आणि भाषण सोडायचंही झालं नाही. चौदा पानं झाली होती. चौदा पानं लिहिलेला माणूस सहजासहजी सुधारत नाही.

रविवारी चार वाजता वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. ग्रंथपालबाईंनी त्यांच्या शर्टाच्या कॉलरला छोटा माइक अडकवला. तो यंदाच घेतला होता आणि बाईंना त्याचं फार कौतुक होतं. "हातात काही धरायला नको. नुसतं बोलायचं. कुजबुजलात तरी शेवटच्या रांगेत पोचतं."

मग सर आले. तोंडावर दुमडलेला रुमाल धरून. लोक उठून बाजूला झाले. सरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, नको म्हणून मान हलवली आणि तिसऱ्या रांगेत, डावीकडे, कवळीवाल्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारी सासूबाई होत्या. सरांनी त्यांना मानेने नमस्कार केला. गाल आत गेलेले, चेहरा अर्धा. सहा फूट उंचीचा माणूस, पण कुणीतरी हवा काढल्यासारखा दिसत होता.

कवळीवाले बोलू लागले. पहिली दहा मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर होती. दुष्काळातल्या शेतकरणीचे दात त्यांनी घेतले. लोक हसले, आणि या वेळी त्यांच्यावर नव्हे, त्यांच्याबरोबर. पुढाऱ्याची कवळी घेतली. "वरचे दात दोन मिलिमीटर पुढे असले की 'प' म्हणताच येत नाही. आणि हा माणूस अडीच तास 'प्रिय प्रजाजनहो' म्हणतोय. वेषांतराचा पुरस्कार याला द्यायचा असेल तर मग माझ्या फळीवरच्या जबड्यांनाही एकेक द्या."

टाळ्या पडल्या. मग ते दीपगृहाच्या सिनेमाकडे आले. तीन तासांचा, एकच माणूस, समुद्र, आणि संवाद एकूण नऊ. सर या सिनेमावर जीव टाकणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं, म्हणून त्यावर पाच पानं होती. "हा सिनेमा नाही," ते म्हणाले, "ही शिक्षा आहे. दिग्दर्शकाला समुद्र आवडतो, आम्हाला का कोंडता?" आणि सवयीने तिसऱ्या रांगेकडे पाहून थांबले.

तिथून काहीच आलं नाही. कसं येणार? सगळं सभागृह मान डोलावत होतं. ज्यांनी तो सिनेमा बघितलाच नव्हता तेही डोलावत होते. कवळीवाल्यांनी आणखी टोचून पाहिलं. "यात महान काही नाही." माना डोलल्या. "हिंमत असेल तर कुणी खोडून दाखवावं." कुणाचीच हिंमत नव्हती. त्यांना वाटलं, आपण आपल्याच खोलीत आहोत आणि समोर खुर्च्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेत.

एवढ्यात सरांनी खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, एकीवर काहीतरी लिहिलं आणि ती ग्रंथपालबाईंकडे दिली. बाईंनी ती वीजबिल वाचावं तशी वाचली. "दीपगृहाच्या सिनेमाबद्दल वक्ते चुकत आहेत. कारण सविस्तर आहे. दात आल्यावर सांगेन."

सगळे हसले. कवळीवाल्यांच्या अंगात मात्र एकदम जीव आला. "थोडक्यात सांगा ना सर," ते म्हणाले.

सरांनी लिहिलं. बाईंनी वाचलं. "थोडक्यात सांगायची सवय नाही. अडचण तीच आहे."

पुन्हा हशा. मग आणखी एक चिठ्ठी. सर ती लिहिताना मधेच थांबले, रुमाल नीट केला, आणि पुन्हा लिहिलं. बाईंनी वाचायला घेतली तेव्हा त्यांचाही आवाज थोडा बदलला. "शेतकरणीच्या दातांबद्दल वक्ते बरोबर आहेत. मीही तेच बघत होतो. दीड महिना झाला, मला सगळ्या सिनेमांत फक्त दात दिसतात. वक्त्यांना एकदा मी यावरून हसलो होतो. ते त्यांच्या लक्षात नसेल, माझ्या आहे."

कवळीवाल्यांच्या हातातलं नववं पान खाली पडलं. ते उचलायला वाकले तेव्हा त्यांना पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पायांमधून तिसऱ्या रांगेतले सासूबाईंचे पाय दिसले. शांत, एकमेकांशेजारी ठेवलेले.

ते सरळ उभे राहिले, "एक मिनिट" म्हणाले, आणि खाली उतरून सरांपाशी गेले. वाकून, अगदी हळू आवाजात, त्यांच्या कानाशी म्हणाले, "सर, तुमची कवळी तयार आहे. माझ्या खणात आहे. मीच अडवून ठेवली. मला बोलायचं होतं."

कॉलरवरचा माइक चांगलाच होता. शेवटच्या रांगेतसुद्धा प्रत्येक अक्षर नीट ऐकू आलं. सभागृहात टाचणी पडली असती तरी माइकने पकडली असती.

सरांनी पेन उचललं. मग लिहू लागले. फार वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर अर्धं खोडलं आणि उरलेलं सवयीने ग्रंथपालबाईंकडे दिलं. बाईंनीही सवयीने मोठ्याने वाचलं. "किती दिवस?"

"गुरुवारपासून," कवळीवाले म्हणाले. "आज चौथा."

पुढची चिठ्ठी. "म्हणजे हे चार दिवसही मी सूपच प्यायलो. मला सूप कधीच आवडलं नाही. आणायला किती वेळ लागेल?"

"सात मिनिटं जायला."

"चहा आत्ताच घेऊ या," ग्रंथपालबाई घाईघाईने म्हणाल्या. "बिस्किटं बाहेर आहेत." कुणीही बिस्किटांकडे गेलं नाही. असा सिनेमा सोडून बिस्किटं कोण खाणार?

पन्नाशी उलटलेले कवळीवाले त्या दिवशी रस्त्याने अक्षरशः धावले. माइक कॉलरला तसाच राहिला होता, पण तो एवढ्या लांबचं पकडत नव्हता हे त्यांचं नशीब, कारण वाटेत ते स्वतःला जे काही म्हणाले ते वाचनालयात म्हणण्यासारखं नव्हतं. ते डबी घेऊन परत आले तोवर सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन करून बोलावून घेतलं होतं. बाई घरच्या चपला घालूनच आल्या होत्या. तोंडात कवळी बसवायचं काम त्यांचं, कारागिराचं नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडली, कवळी उजेडात धरली आणि कवळीवाल्यांकडे पाहिलं.

"पॉलिश," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी..."

"तुमच्याकडे पुढे काम पाठवायचं का नाही, याचा मी घरी जाऊन विचार करणार आहे. तोवर तुम्ही तोंड उघडू नका. सर, तुम्ही उघडा."

मासिकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर सरांना बसवलं. दारात माणसांची भिंत उभी राहिली. वरची बसली, खालची बसली. डॉक्टरीणबाईंनी चावून बघायला सांगितलं, कडेला बोट फिरवलं, पुन्हा काढली, पुन्हा बसवली. मग सर उठून बेसिनवरच्या आरशापाशी गेले. गाल भरले होते. ते आरशात पुढे झुकले आणि समोरच्या दोन दातांकडे निरखून बघू लागले, ते किंचित एकमेकांवर चढलेल्यांकडे.

त्यांनी वळून कवळीवाल्यांना शोधलं. बोलायला तोंड उघडलं. दीड महिन्यानंतरचं पहिलं वाक्य.

"दीपगृहाच्या स्सिनेमाबद्दल तुम्ही स्साफ चुकताय."

प्रत्येक 'स'वर बारीक शिटी वाजत होती. कवळीवाल्यांना राहवलं नाही. "समोरून अर्धा मिलिमीटर घासावं लागेल, सर. मग शिटी जाईल."

"मुद्द्यावर या," सर म्हणाले.

त्या दिवशीच्या चर्चेची आठवण वाचनालयात अजून काढली जाते. टेबलाशी दोन खुर्च्या मांडल्या. सर दीपगृहाच्या बाजूने, कवळीवाले विरुद्ध. नव्या कवळीला सरांची लांबलचक वाक्यं पेलत नव्हती. दुसऱ्या गल्लीतच जबडा दुखायचा आणि त्यांना थेट क्रियापदावर यावं लागायचं. लोकांना अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं नीट समजलं. फार तापले की खालची कवळी उचलली जायची. मग सर अंगठ्याने ती धरायचे, आणि तेवढा वेळ कवळीवाले थांबायचे. सर म्हणाले, एकटेपणा दाखवायचा तर प्रेक्षकालाही एकटं पाडावंच लागतं. कवळीवाले म्हणाले, एकटं पाडायला तिकीट कशाला, ते काम माझी खोली फुकटात करते. यावर सर म्हणाले, हा मुद्दा रंजक आहे. पण या वेळी ते पुढे गेले नाहीत, तिथेच थांबून त्यावर बोलले.

शेवटी ग्रंथपालबाईंनी श्रोत्यांपैकी कुणाला काही म्हणायचंय का विचारलं. सासूबाईंनी हात वर केला, पूर्ण.

"तो दीपगृहातला माणूस," त्या उभं राहून म्हणाल्या, "पहिल्या दहा मिनिटांत जेवला. ताट तिथेच राहिलं. पुढे वादळ आलं, जहाज बुडालं, त्याला वेड लागलं. मी अडीच तास ताटच बघत होते. तुम्ही दोघं एवढं बोललात, त्या ताटाबद्दल कुणीच काही बोललं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांपैकी कुणालाही ताट आठवत नव्हतं.

घरी पोचेपर्यंत बातमी बायकोपर्यंत गेलेली होती. पाणीखात्याच्या खिडकीपासून शहरात काहीच लपत नाही. तिने जेवण वाढलं, नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. लग्नानंतर हे पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे कवळीवाले जास्तच घाबरले. सगळं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे पाणी अडवलं तर निलंबित करतात." मग बऱ्याच वेळाने, पाठमोरी असताना, तिचे खांदे हलताना त्यांना दिसले. खांदे आईवर गेले होते.

सोमवारी सकाळी पुरस्कार जाहीर झाले. दीपगृहाला काही मिळालं नाही, शेतकरणीलाही नाही. उत्कृष्ट नटाचा पुरस्कार त्या दोन मिलिमीटरवाल्या पुढाऱ्याला गेला. कवळीवाले मोबाइलवर भाषण बघत होते, नाक मुरडूनच. नटाने आईचे आभार मानले, दिग्दर्शकाचे मानले, आणि मग म्हणाला, ज्या कारागिराने माझे दात घडवले त्याला आज इथे बोलावलेलं नाही, पण तो नसता तर मी नसतो. कवळीवाल्यांनी तेवढा तुकडा मागे नेऊन चार वेळा ऐकला. तीस वर्षांत या धंद्याचं नाव असं चारचौघांत कुणी घेतलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. चहा गार झाला.

"दातांचा चावा चुकलाच होता," ते सासूबाईंना म्हणाले. "पण माणूस चांगला आहे."

डॉक्टरीणबाईंनी काम बंद केलं नाही. फक्त आता प्रत्येक डब्यावर तारीख लाल पेनाने असते, आणि त्याखाली 'मोटर चालू आहे ना?' असं लिहिलेलं असतं.

बुधवारी त्यांच्याच चिठ्ठीसह सर खोलीवर आले. शिटी घालवायची होती आणि डावीकडे हिरडीला टोचत होतं. सासूबाई सोडल्या तर खोलीत पाऊल टाकणारे ते पहिलेच गिऱ्हाईक. फळ्यांवरच्या जबड्यांकडे त्यांनी रांगेने पाहिलं, एखाद्या वाचनालयात पाहावं तसं, मग स्टुलावर बसले आणि कवळी काढून कवळीवाल्यांच्या तळहातावर ठेवली.

कवळीवाले चाक सुरू करून हळूहळू घासू लागले. घासता घासता त्यांना दीपगृहाबद्दल एक नवा मुद्दा सुचला. नुसता नवा नाही, बिनतोड. सरांना यावर उत्तरच नसतं. त्यांनी मान वर करून पाहिलं. सर रुमाल तोंडाला लावून, भुवया उंचावून वाट बघत बसले होते.

कवळीवाल्यांनी तोंड मिटलं. आणखी दोनदा चाकाला लावून कड पाहिली, कवळी धुतली, पुसली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी ती बसवली, जबडा इकडे तिकडे हलवला, 'सिनेमा' म्हणून पाहिलं. शिटी गेली होती.

"हं," कवळीवाले म्हणाले, "आता ऐका."